अण्णा: आधी आणि नंतर

आमच्या अण्णांनी आयुष्यात माझं एकदाच कौतुक केलं, आणि तेही त्यांना चारचौघांत परत घ्यावं लागलं.

परत घेतलं म्हणजे अगदी रीतसर घेतलं. अण्णा नाशिकच्या दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. एकदा नोंदलेली गोष्ट रद्द करायची तर ती साक्षीदारांसमोर रद्द करायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. माझ्या बाबतीत साक्षीदार म्हणून जवळजवळ अख्खी गल्ली हजर होती!

मी मुंबईला जाऊन चित्रकला शिकून आलो, हे अण्णांना कधीच पटलं नाही. कुणी विचारलं, "चिरंजीव काय करतात हल्ली?" की ते सांगत, "भिंती रंगवतात." मी भिंती रंगवत नव्हतो. मी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होतो. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, तुरुंग, काय म्हणाल ते. पण आमचं नशीब असं की मी पडदे रंगवायला शिकलो आणि बोलपट आले. कंपन्या पटापट बसल्या. एका कंपनीने तर माझं अरण्य जाता जाता मंगलकार्याच्या मांडववाल्याला देऊन टाकलं, आणि पुढे कितीतरी लग्नांत लोक माझ्या वडाच्या झाडाखाली बसून जिलब्या खात होते. (त्या झाडाच्या पारंब्या मी जीव ओतून काढल्या होत्या. एकाही व्याह्याने मान वर करून पाहिलं नाही.) शेवटी मी एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो आणि मुलांना वांगं, बादली आणि छत्री काढायला शिकवू लागलो.

अशात एक दिवस जीवणशेठनी मला बोलावलं. जीवणशेठचा रविवार कारंज्याजवळ शिळाप्रेस होता, म्हणजे दगडावर चित्र काढून त्याचे छाप उठवायचा छापखाना. पंचवटीत येणाऱ्या यात्रेकरूंना देवादिकांच्या तसबिरी विकायचा त्यांचा धंदा.

"मास्तर," शेठ म्हणाले, "राम, सीता, मारुती लोकांनी खूप घेतले. आता काही नवीन काढा. रामनवमीच्या आधी पायजे."

मी कधी नव्हे ते चटकन सुचलेलं बोललो. "गुरू वसिष्ठ आणि त्यांच्यासमोर पाट्या घेऊन बसलेले चार राजपुत्र!"

"अहाहा!" शेठ म्हणाले. "आईबाप मुलांसाठी घेतील. काढा!"

राजपुत्रांची अडचण नव्हती, शाळा भरून राजपुत्र होते. अडचण वसिष्ठांची. तेजस्वी, करारी, पाहताक्षणी मुलांचे पाढे पाठ व्हावेत असा चेहरा कुठून आणायचा? मी घरी येऊन विचार करत बसलो होतो, तोच आतून आवाज आला, "ह्या घरात चहा मिळतो की त्यासाठी दावा लावावा लागतो?" आणि मला माझे वसिष्ठ सापडले!

पण अण्णांना विचारणार कोण? मी आईला पुढे केलं. आई त्यांच्यापुढे चहा ठेवत म्हणाली, "अहो, दत्तूला वसिष्ठांच्या चित्राला बसायला कुणीतरी हवंय."

"मग मी काय करू?"

"काही नाही. समोरच्या शास्त्रीबुवांना विचारतो म्हणतोय तो."

अण्णांचा कप बशीवर आपटला. "शास्त्र्याला? अगं, त्याचं गोत्र कौशिक! विश्वामित्राच्या गोत्राचा माणूस वसिष्ठ म्हणून बसवणार? आणि आम्ही वासिष्ठ गोत्राचे इथे काय मेलोय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उघड्या अंगाने, रुद्राक्ष घालून, पाटावर मांडी ठोकून बसले होते. दाढी मी मनाने लावणार होतो, जटाही. बाकी सगळं घरचंच होतं.

"अण्णा, मान जरा वर."

"वर कशाला? वसिष्ठ काय आढ्याकडे बघून शिकवायचे?"

"चेहऱ्यावर थोडं वात्सल्य आणा."

"हे वात्सल्यच आहे."

(खरं होतं ते. लहानपणापासून मी दोन्ही पाहत आलो होतो. अण्णांचा राग आणि अण्णांचं वात्सल्य यांत चेहऱ्याचा काही फरक नसे. हातात छडी असली की राग, नसली की वात्सल्य.)

आठवडाभर अण्णा बसले, आणि बसल्या बसल्या माझ्या कुंचल्यापासून माझ्या पगारापर्यंत सगळ्याला नावं ठेवत राहिले. पण चित्र पुरं झालं तेव्हा मात्र ते उठून समोर आले. उपरणं खांद्यावर टाकलं, चष्मा लावला, चित्र वरून खाली आणि खालून वर वाचलं. माझी धाकटी बहीण कुसुम दाराआडून मला खुणा करत होती, की बघ, आवडलंय त्यांना.

"बरं आहे," अण्णा म्हणाले.

बरं आहे! आमच्या घरात हा शब्द अण्णांनी त्याआधी फक्त एका न्यायाधीशाच्या निकालाबद्दल वापरला होता. आई डोळ्यांना पदर लावून स्वयंपाकघरात गेली. आणि एवढ्यावर थांबले तर ते अण्णा कसले! त्यांनी चित्र बैठकीच्या खोलीत टांगलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "चिरंजीवांनी काढलंय. आता छापून निघतंय. हिंदुस्थानभर जाणार!"

ते चित्र छापखान्यात न्यायलाही त्यांनी बंदी घातली. "शाईचे हात लागतील. नक्कल करून ने."

इथे माझं शिक्षण आडवं आलं.

दगडावर जसं चित्र काढाल त्याच्या उलटं कागदावर उमटतं, हे मला मुंबईला शिकवलेलं होतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. तेव्हा दगडावर उलटं काढलं तर कागदावर सुलटं येणार. जीवणशेठकडे दगडावर चित्र उतरवायचं काम कासमभाई करत. माणूस हाताचा तयार, पण बडबड्या आणि आपल्या कामाबद्दल पराकोटीचा गर्विष्ठ. म्हटलं, आपण त्यांचं काम सोपं करून द्यावं. मी आरसा समोर ठेवून अण्णांच्या चित्राची रंगीत नक्कल केली, ती उलटीच केली. सहीसुद्धा उलटी! आणि कासमभाईंना काही न सांगता नेऊन दिली. (सांगायचं काय? जाणकाराला दिसतंच, असं मला वाटलं.)

कासमभाईंनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. समोर आलेली नक्कल आरशात धरली आणि उलटी करून दगडावर काढली. उलट्याचं उलटं! सहीवरून तरी त्यांना कळायचं, पण ते उर्दू वाचत. देवनागरी त्यांना सुलटीसुद्धा वाचता येत नसे.

मी दगड पाहायला गेलो. दगडावर वसिष्ठ विराजमान झाले होते, आणि काय सांगू, अगदी घरातल्या चित्रासारखे!

"कासमभाई, हुबेहूब!" मी म्हणालो.

"मास्तर, उमर गेली माझी या दगडात. हुबेहूब नाही तर काय येणार?"

हुबेहूब दिसतंय म्हणजेच घात झालाय, हे त्या खोलीत दोन जाणकार उभे असून दोघांच्याही लक्षात आलं नाही. पुढे शाळेच्या परीक्षा लागल्या, मी मुलांच्या बादल्या तपासत बसलो, आणि शेठनी घाईघाईत सगळी आवृत्ती छापून टाकली.

छापील तसबीर घरी आली तो दिवस अण्णांनी सणासारखा केला. गल्लीतली मंडळी बोलावली. आईने पोहे केले. शास्त्रीबुवांना तर मुद्दाम समोर बसवलं, विश्वामित्राच्या गोत्राला कळू दे म्हणून! भिंतीवर मूळ चित्र होतंच, त्याच्याशेजारी अण्णांनी स्वतः तसबीर लावली.

आता दोन अण्णा एकमेकांकडे तोंड करून बसलेले दिसत होते. मला काहीतरी खटकलं. पण काय ते कळेना.

शास्त्रीबुवांनी पोह्यांचा घास तोंडातच ठेवून बराच वेळ पाहिलं. मग सावकाश गिळून म्हणाले, "शिरस्तेदार, हे वसिष्ठ श्राद्धाला बसलेत का?"

"म्हणजे?"

"जानवं उजव्या खांद्यावर आहे. अपसव्य! पितरांचं काही चाललं असेल तर आमचं काही म्हणणं नाही. पण मग समोर राजपुत्र कशाला?"

आत आईच्या हातातून पळी पडली. सगळ्यांनी माना पुढे केल्या. मग एकेकाला एकेक सापडू लागलं.

"अरे, रामचंद्र डाव्या हाताने लिहितोय!"

"चौघेही डावरे!"

"आणि खाली हे काय लिहिलंय? कानडी आहे का?"

कानडी नव्हतं. ती माझी सही होती. सबंध प्रकारात तेवढीच एक दया परमेश्वराने केली, की चित्रकाराचं नाव कुणाला वाचता आलं नाही. पण अण्णांनी सगळ्यांना ते आधीच सांगून ठेवलं होतं ना!

अण्णा उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "दत्तू," ते म्हणाले, "तू माझं जिवंतपणी श्राद्ध घातलंस." आणि मंडळींकडे वळून, कोर्टात पुकारा करावा तशा आवाजात, "या चित्राबद्दल मी आजवर जे जे चांगलं बोललो, ते सगळं मागे घेतो!"

शास्त्रीबुवांनी आणखी थोडे पोहे मागून घेतले.

पंचवटीत तसबिरीला कुणी हात लावला नाही. शेठनी मला दुकानासमोर उभं करून ऐकवलं. "मास्तर, गिऱ्हाईक म्हणतं, हा राम डावरा का? माझ्याकडं जवाब नाय. तुमच्याकडं हाय का?" मी हात जोडून हसत उभा राहिलो. अशा वेळी मला दुसरं काही येत नसे.

इथे प्रकरण मिटलं असतं. पण अण्णांनी छापखान्यात जाऊन जाब विचारायचं ठरवलं. डोक्यावर पगडी, अंगात लांब कोट, खांद्यावर उपरणं, नाकावर चष्मा, अशा पूर्ण कोर्टाच्या वेषात ते निघाले. मागून मी.

शेठ गादीवरून उठून उभे राहिले. अण्णांनी सुरुवात केली ती धर्मशास्त्रापासून. मग ते अब्रूवर आले. मग माझ्यावर आले. एवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे कासमभाई मांडीवर कागद घेऊन, अण्णांकडे टक लावून भराभर पेन्सिल चालवत होते.

अण्णांना वाटलं, आपली जबानी उतरवून घेताहेत!

त्यांचा सूरच बदलला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या होत्या; आज पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची लिहून घेत होतं. ते कासमभाईंसमोर नीट उजेडात उभे राहिले, मान ताठ केली आणि एकेक शब्द सावकाश बोलू लागले.

"लिहा. माझी घोर विटंबना झालेली आहे. लिहिलंत?"

"जी, लिहितोय," कासमभाई म्हणाले. "चेहरा जरा इकडं करा."

"हा घ्या. लिहा, मला जो मनस्ताप झाला…" आणि मनस्ताप कसा झाला हे सांगताना अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या, डोळे मिटले, ओठ दाबले, हात पोटावर ठेवला. कासमभाईंची पेन्सिल नुसती उडत होती. मी शेठपुढे हात जोडून हसत उभा होतो, त्यामुळे त्या कागदावर काय उमटतंय ते पाहायला गेलो नाही.

परत येताना अण्णा खुशीत होते. "त्या माणसाला कामाची शिस्त आहे," म्हणाले. "तुझ्यासारखा नाही."

घरातलं मूळ चित्र त्यांनी उतरवायला लावलं. त्यात जानवं बरोबर होतं हो! पण कोण ऐकतो? आईने ते न्हाणीघराच्या फुटक्या खिडकीवर ठोकलं. कॅनव्हास पाण्याला टिकतो, म्हणाली. पुढे कैक महिने वसिष्ठ ऋषी आमच्या आंघोळी पाहत भिजत होते, आणि हळूहळू त्यांचे डोळे गळून गेले.

वर्ष-दीड वर्ष गेलं. कुसुमसाठी स्थळं पाहणं चालू होतं. देवळाली कॅम्पातलं लेल्यांचं स्थळ आलं. मुलगा कॅम्पाच्या ऑफिसात कारकून, वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, घरी एक म्हातारी आजी. मुलगा येऊन कुसुमला पाहून गेला होता. त्याने तिला "वाचायला आवडतं का?" एवढंच विचारलं होतं. त्याआधीच्या सगळ्यांनी कुरडया आणि शिवण विचारलं होतं. तो गेल्यावर कुसुम स्वयंपाकघरात गुणगुणत होती, आणि आमच्या घरात गुणगुणायची पद्धत नव्हती.

बोलणी पक्की करायला अण्णा आणि मी टांग्याने देवळालीला गेलो. लेल्यांनी फार अगत्याने बसवलं. माणसं साधी, हसरी. अण्णांना कुलशील पटलं, मुलगा पटला, घर पटलं. माझ्या मनात आलं, चला, निदान कुसुमचं तरी नीट होतंय.

तेव्हा मी सहज समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर एक कॅलेंडर होतं. वर ठळक अक्षरांत 'सुखरेचक वटी', खाली 'बद्धकोष्ठावर रामबाण'. आणि त्याखाली दोन चित्रं शेजारी शेजारी. पहिल्याखाली लिहिलं होतं 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. 'आधी'मध्ये पगडी, लांब कोट, उपरणं आणि चष्मा घातलेला एक गृहस्थ कपाळाला आठ्या घालून, डोळे मिटून, ओठ दाबून, पोटावर हात ठेवून उभा होता. 'नंतर'मध्ये तोच गृहस्थ प्रसन्न हसत होता.

अण्णा! पगडीच्या घडीसकट, नाकावरच्या चामखिळीसकट अण्णा! आणि ह्या वेळी एकही गोष्ट उलटी नव्हती.

अण्णांची पाठ भिंतीकडे होती, तेवढा एक आधार. म्हटलं, चहा होईपर्यंत असेच बसले तर सुटलो. मी उठून कॅलेंडर झाकून उभा राहिलो.

"बसा ना, उभे का?" लेले म्हणाले.

"पाय अवघडलेत," मी म्हणालो आणि हसलो.

पण आजीबाई माझ्या आधीपासून तिथे पाहत होत्या. त्या एकदा भिंतीकडे पाहत, एकदा अण्णांकडे. पुन्हा भिंतीकडे, पुन्हा अण्णांकडे. शेवटी त्यांनी काठीने मला बाजूला सारलं आणि फार मायेने अण्णांना विचारलं, "मग तुम्हाला गुण आला ना हो?"

"कसला गुण?" अण्णा म्हणाले.

"अहो, कोठा साफ होतो ना आता? नाही, मलाही घ्यायच्या आहेत म्हणून विचारते. रात्री घेता की पहाटे?"

अण्णा सावकाश मागे वळले.

चष्मा सारखा करून त्यांनी 'आधी' पाहिलं, मग 'नंतर' पाहिलं. लेले मात्र बिचारे मनमोकळे. त्यांनी टाळी दिल्यासारखा हात पुढे केला. "अहो, हे तुम्हीच? म्हणजे आमची तर रोजची ओळख! रोज सकाळी आधी तुमचं दर्शन, मग बाकीचं!" आणि स्वतःच खो खो हसले. त्यात दुष्टपणा जराही नव्हता. आज वाटतं, असं हसणारं सासर कुसुमला मिळालं असतं तर ती तरून गेली असती.

अण्णा उठले. उपरणं सावरलं. "येतो आम्ही," म्हणाले.

"अहो, पण चहा? आणि याद्या?"

"येतो आम्ही."

टांगा नाशिकला परतला. घर आलं. कुसुम दारात उभी होती. केसांत अबोलीचा गजरा घातला होता तिने.

"स्थळ ठीक नाही," अण्णा तिच्या शेजारून जाताना म्हणाले.

"काय ठीक नाही?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिने गजरा काढला, पाण्याच्या वाटीत ठेवला, आणि आत निघून गेली.

आईने अण्णांची खूप मनधरणी केली. लेल्यांनी दोनदा माणूस पाठवला, माफीसुद्धा मागितली. (कशाची माफी? गोळ्या घेतल्याची?) अण्णा हलले नाहीत. "ज्या घरात मी त्या अवस्थेत टांगलेला आहे, तिथे माझी मुलगी जाणार नाही." मग कुसुमला भुसावळकडे एका बिजवराला दिली. दोन मुलांचा बाप. कुणाला काही वाचायला आवडतं का, असले प्रश्न न पडणारा. मांडव घालायला जो आला तो नेमका तोच मांडववाला! माझ्या वडाच्या झाडाखाली तिची पाठवणी झाली. ती माझ्या पाया पडली तेव्हा मी म्हटलं, "कुसुम, तुझ्या नव्या घरासाठी एक छानसं चित्र काढून पाठवतो."

"दादा," ती शांतपणे म्हणाली, "माझ्या घराच्या भिंतीवर लावायला काहीही पाठवू नकोस."

मी जीवणशेठकडे भांडायला गेलो होतो बरं का. शेठ म्हणाले, "मुंबईच्या औषधवाल्याला चित्र दिलं, आता ते त्याचं." औषधवाल्याने नव्या वर्षाचं कॅलेंडरही तेच काढलं. गिऱ्हाइकाला आवडलं होतं! अण्णांनी घराबाहेर पडणं सोडलं. फोटोग्राफर रस्त्यात दिसला तरी ते मागे फिरत. घरात पेन्सिल दिसली की चिडत. दोन पावसाळे गेले असतील. एके सकाळी ते देवापुढे बसल्या जागीच गेले. तेवढंच त्यांच्या मनासारखं झालं, जानवं डाव्या खांद्यावर होतं.

तेराव्याला त्यांची तसबीर ठेवायची, तर घरात त्यांचा एकही फोटो नाही. मी म्हटलं, आता तरी माझी विद्या कामी येऊ दे. रात्रंदिवस खपून आठवणीने त्यांचं तैलचित्र केलं. सगळा जीव ओतला. नजर, कपाळ, तो करारीपणा. त्यात मी काय काय घातलं होतं ते मलाच ठाऊक. आईला आणून दाखवलं.

आईने चित्र उजेडाकडे वळवलं. "चांगलं आहे," म्हणाली. "कोण आहेत?"

"आई! अण्णा आहेत गं!"

"असं होय?" ती म्हणाली. मग उठून तिने आपली ट्रंक उघडली आणि लुगड्यांच्या तळातून एक घडी काढली. तेच कॅलेंडर! कुठल्यातरी दुकानातून मागून आणलं होतं तिने, कुणाला न सांगता. कात्री घेऊन तिने ते बरोबर मधोमध कापलं. 'आधी' चुलीत घातलं. 'नंतर'ची वरची जाहिरात कापली, खालचं अक्षर कापलं, आणि उरलेला हसरा चेहरा माझ्या हातात दिला. "ह्याला चौकट करून आण."

"आई, हे गोळ्यांचं आहे."

"असू दे. अख्ख्या संसारात हे माझ्याकडे बघून असे कधी हसले नाहीत. इथे हसलेत ना? मग हेच लावायचं."

चौकट करून आणली. माझं तैलचित्र माळ्यावर गेलं. तेराव्याला आलेली माणसं त्या हसऱ्या चेहऱ्यासमोर उभी राहून डोळे पुसत होती. "किती प्रसन्न!" म्हणत होती. "आम्हाला कधी असे दिसले नाहीत!" शास्त्रीबुवासुद्धा हात जोडून म्हणाले, "आज कळलं, माणूस आतून असा होता."

मला राहवेना. कासमभाई तेव्हा काम सोडून घरी बसले होते, डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. त्यांना गाठून विचारलं. "कासमभाई, एक सांगा. अण्णांच्या आठ्या तुम्ही समोर पाहिल्या, त्या काढल्या, समजलं. पण ते हसू कुठून आणलंत? अण्णा तर हसलेच नव्हते."

"हां, ते!" कासमभाई खुश झाले. "मास्तर, मी खूप वाट बघितली. ते काही हसेनात. मग म्हटलं, बाप नाही तर बेटा! तुम्ही बाजूलाच होते ना, शेठच्या समोर हात जोडून. असे हसत होते, असे, की बस! तेच हसू उचललं आणि अण्णांच्या मिशीखाली ठेवलं. काय फिट बसलं! तुमच्या तोंडावर कधी बसलं नव्हतं तसं."

मी घरी आलो. आई तसबिरीला तगरीचं फूल वाहत होती. मागे पाऊल ठेवून तिने मान कलती केली आणि विचारलं, "बघ रे, अगदी ह्यांचंच वाटतं की नाही?"

मी नेहमीसारखा हसलो.

आईने माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी घातली.

"दत्तू," ती म्हणाली, "तू असं लाचारासारखं हसत जाऊ नकोस. हसावं कसं, ते ह्यांच्याकडे बघून शीक."